आडनावाच्या जागी रेघ

काउंटरवरच्या पोरानं पासपोर्ट एकदा उलटा धरला, एकदा सुलटा धरला, मग पडद्याकडं बघत विचारलं, "मॅडम, ये येसकर कौन है?"

श्रावस्तीला वाटलं, तो मागच्या कुणाला तरी विचारतोय. तिनं वळूनसुद्धा बघितलं. मागं एक बाई ट्रॉलीवर रेलून मोबाइलमध्ये बोट फिरवत होती, तिच्या मागं दोन म्हातारे, आणि त्यांच्या मागं तिच्याच गावच्या, माकणीच्या पाटलाचा कृष्णराज, डोक्यावर हेडफोन अडकवून. येसकर कुणीच नव्हतं. हैदराबादच्या विमानतळावर दुपारचा एक वाजला होता, चारचं विमान होतं, आणि जिथं धुळीचा कण दिसू नये म्हणून दर दहा मिनिटांनी फरशी पुसत होते, अशा जागी कुणीतरी तिच्या आज्याला हाक मारली होती. पोरानं पडदा तिच्याकडं वळवला. तिकिटावर आडनाव होतं येसकर. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. पुढचं सगळं दोन्हीकडं सारखं, श्रावस्ती बुद्धघोष, पण तिकिटाला शेपूट होतं आणि पासपोर्टला नव्हतं. पोरगा वाईट नव्हता. नाव जुळलं नाही तर बोर्डिंग पास निघत नाही, सुपरवायझर मॅडम जेवायला गेल्यात, त्या ठरवतील, तोवर बाजूला थांबा, असं त्यानं नीट सांगितलं. बाजूला म्हणजे कुठं ते सांगितलं नाही. तिला ते विचारावं लागलं नाही. दोन बॅगा ओढत ती भिंतीकडंच्या खांबाजवळ जाऊन उभी राहिली, आणि उभी राहिल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण कुणाच्या वाटेत येणार नाही अशी जागा बरोबर हुडकलीय. ही अक्कल कुठल्या पुस्तकातनं आली नव्हती.

सोमवारी तिला इंग्लंडातल्या विद्यापीठात हजर व्हायचं होतं. सोमवार हुकला की जागा जाणार, जागा गेली की सरकारची शिष्यवृत्ती जाणार, आणि ती गेली की परत माकणी. एवढं सरळ होतं ते. तिनं फाइल उघडून तिकीट बाहेर काढलं. पंधरा दिवस हे तिकीट तिच्याजवळ होतं आणि तिनं त्यावरचं नाव वाचलं नव्हतं. आपलं नाव कोण वाचतं? माणूस तारीख वाचतो, वेळ वाचतो, खिडकी मिळाली का ते बघतो. आप्पांनी फाइल हातात देताना म्हटलं होतं की परत बघायची गरज न्हाय, म्या एकेक कागद जुळवून बघितलाय. पाटबंधारे खात्यात मोजणीदार म्हणून तीस वर्षं कालव्याचं पाणी मोजलेला बाप, त्याच्या जुळवण्यावर कोण शंका घेईल? मग हे केलं शांतलिंगनंच, तिनं ठरवून टाकलं. धाराशिवला कोर्टासमोर तो पासपोर्टची, व्हिसाची, तिकिटांची कामं करतो, तिचं आणि कृष्णराजचं तिकीट त्यानंच काढलेलं. त्यानं सरळ नाव विचारलं नसणारच. धाराशिवात कुणी नावावर थांबत नाही. आधी म्हणतात, पूर्ण नाव? मग, गाव कोणतं? मग, गावात घर कुठल्या रांगेला? तीन प्रश्नांत माणसाला केळ्यासारखं सोलतात आणि मग हसून चहा सांगतात. काहीजण तो चहा कागदी कपात सांगतात, तेवढाच फरक. शांतलिंगनं तिला चांगल्या कपात चहा पाजला होता. म्हणून तर तिला त्याचा जास्त राग आला.

तो रकाना रिकामा कसा झाला हे तिला घरात इतक्यांदा सांगितलं गेलं होतं की ते आपणच बघितलंय असं तिला वाटायचं. पहिलीचं नाव घालायला आप्पा तिला शाळेत घेऊन गेले. बिभीषण गुरुजी टेबलाशी. गुरुजींनी लिहिता लिहिता विचारलं, आडनाव तेच ना? आप्पा म्हणाले, न्हाय, आडनाव न्हाय. पोरीचं नाव श्रावस्ती, बापाचं नाव बुद्धघोष, संपलं. गुरुजी हसले. म्हणाले, अरे सगळ्या गावाला ठाऊक हाय, लपवून काय उपयोग? लपवत न्हाय, आप्पा म्हणाले, काढून टाकतोय. मग गुरुजींची खरी अडचण बाहेर पडली. साहेब तपासायला येतात, रकाना मोकळा कसा सोडू? तर आप्पा म्हणाले, रेघ मारा. आणि गुरुजींनी पट्टी घेऊन तांबड्या शाईनं रेघ मारली. ती रेघ घेऊन ती दहावी झाली, लातूरला बारावी झाली, पुण्याला पदवी झाली. हजेरीत तिचं नाव लवकर संपायचं, सर पुढं काहीतरी येईल म्हणून क्षणभर थांबायचे, आणि काही येत नाही म्हटल्यावर मान वर करून तिच्याकडं बघायचे. त्या बघण्यात सगळं असायचं. रिकाम्या जागेत लोक आपलं आपण लिहून घेतात हे आप्पांना कळलं नव्हतं, किंवा कळून त्यांनी पोरीला सांगितलं नव्हतं.

येसकर म्हणजे गावच्या वेशीवरचा राखणदार, एवढं पुस्तकात मिळतं. आजा दगडोबा वेशीवर बसायचा, हातात घुंगराची काठी, आणि दिवस मावळला की काठी वाजवत दारोदार भाकरी मागायचा. ती त्याची मजुरी, म्हणजे मजुरी म्हणायची पद्धत, कारण भाकरी वरनं टाकायचे. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्यानं ते सोडलं. काठी तेरणा नदीत टाकून आला. त्र्याण्णवच्या भूकंपात गावची वेसही पडली, पुनर्वसनाच्या नव्या गावात गल्ल्या जाऊन रांगा आल्या, राखायला दारच उरलं नाही. पण हाक उरली. श्रावस्तीनं आज्याला बघितलं ते शेवटी, ती आठ-नऊ वर्षांची असताना. नीट ऐकू येत नव्हतं त्याला, विठाबाई आजी कानात ओरडायची तरी 'आं?' करायचा. पण रस्त्यावरनं कुणी कुणालाही मोठ्यानं हाक मारली, कुणाच्या पोराला, कुणाच्या कुत्र्याला, तर म्हातारा उठून उभा राहायचा. हाक पुरी व्हायच्या आत. जेवत असला तरी, घास हातात तसाच. आजी सांगायची, नाव पुरं ऐकत बसलं तर पाठीत बसायची, म्हणून आर्ध्या नावावर उठायचे. आणि दर वेळी आप्पा हातातलं काम टाकून जायचे, म्हाताऱ्याच्या खांद्यावर पंजा ठेवून खाली दाबायचे. "बसा दादा. तुम्हाला न्हाय." म्हातारा बसायचा. पाचव्या मिनिटाला परत हाक, परत तो उभा, परत पंजा. श्रावस्तीला एकदा हसू फुटलं. आप्पांनी तिच्या मुस्काटात दिली. आयुष्यात तेवढीच एकदा. तिला ती चापट आत्ता, खांबाला टेकून, गालावर गरम लागली.

आणि जे आप्पांनी तांबड्या शाईनं काढलं होतं ते आप्पांनाच उकरून आणावं लागलं. शिष्यवृत्तीला जातीचा दाखला लागतो, दाखला पडताळायला समिती असते, समितीला पन्नास सालाआधीचा पुरावा लागतो. तुम्ही खरंच तेच आहात का, हे सिद्ध करा. ज्यांना बघून अख्खा गाव पाणी वरनं ओतायचा, त्यांनी ते सिद्ध करायचं होतं. दोन वर्षं आप्पा रजा टाकून लोहारा, धाराशिव, परत लोहारा फिरले. शेवटी निजामाच्या काळातल्या शाळेचा एक उर्दू कागद सापडला, कोर्टापाशी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मौलवींनी वाचून दिला. दगडू वल्द रामा, कौम महार, पेशा येसकर. दोनच इयत्ता शिकलेला आजा. पेशा म्हणून लिहिलेलं ते समितीतल्या बाबूनं आडनाव करून टाकलं, कारण त्याच्याही फॉर्मात रकाना होता आणि त्याला रेघ चालत नव्हती. ते प्रमाणपत्र आलं त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. तिनं फोटो काढून स्टेटसला ठेवायचा म्हटलं तर म्हणाले, ठेव की, काय ठेवायचं ते ठेव, आणि उठून कालव्याकडं गेले.

तिनं फोन लावला. शांतलिंगचा नंबर आधी आप्पांकडनं घ्यावा आणि मग त्याला फाडून खावा असं तिच्या मनात होतं. आप्पांनी पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे फोन हातातच होता. विमानतळावर येऊ नका असं तिनंच सांगितलं होतं. काचेबाहेर उभी राहून हात हलवणारी आपली माणसं तिला नको होती. उमरग्याला पहाटेच्या बसमध्ये तिला बसवून ते दोघं परत गेले होते. तिनं एका दमात सांगितलं, शांतलिंगनं तिकिटावर काय घातलंय, पास अडलाय, काय करायचं. पलीकडं आईनं काहीतरी विचारलं, आप्पांनी तिला गप केलं. मागं कुणाचा तरी ट्रॅक्टर गेल्याचा आवाज तिला ऐकू आला.

"त्यानं न्हाय घातलं," आप्पा म्हणाले. "म्या सांगितलं."

तिनं तिकिटाची घडी घातली.

"आडनावाशिवाय फॉर्म पुढंच जाईना म्हणाला. मग म्या फाइल बघितली. समितीच्या कागदावर जे हाय तेच घाल म्हणलं. दोन वर्षं सगळे तेच म्हणत आले, दाखल्याला सगळं जुळलं पायजे, दाखल्याला जुळलं पायजे. मला वाटलं तिथं बी तोच मोठा कागद."

"पासपोर्ट बघायचा असतो, आप्पा."

"ते मला कुठं माहीत, बाई. म्या कधी गेलो."

आवाजात रडणं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. तिनं इतकंच म्हटलं, बघते, करते फोन, आणि कापला. राग कुठं ठेवावा ते तिला कळेना. तिला शांतलिंग पाहिजे होता. तो हातातनं गेला होता आणि त्याच्या जागी एक मोजणीदार उभा होता, चष्मा कपाळावर चढवून दाखल्यावरचं एकेक अक्षर तिकिटावर उतरवून देणारा, ज्यानं सतरा वर्षांपूर्वी एक रेघ मारून घेतली आणि स्वतःच्या हातानं पुसून दिली. पोरीचं भलं व्हावं म्हणून. या देशात आमच्या माणसाला इतक्यांदा कागद दाखवायला लावलाय की त्याला सगळ्या जगाच्या दारात तोच एक कागद मागतील असं वाटतं, तिच्या मनात आलं, आणि हे वाक्य कुणाला तरी तोंडावर फेकावं असं तिला वाटलं, पण समोर फरशी पुसणारी बाई होती, आणि तिचं नाव विचारायची श्रावस्तीला गरज वाटली नाही.

सुपरवायझर बाई आल्या, चाळिशीच्या, तेलुगू, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दोन्ही नावं एकाच जागी असलेला, फोटोवाला, सरकारी कागद आहे का? तर त्या पडद्यावर तशी नोंद करतील. श्रावस्तीनं मान हलवली. होता. तसा एकच कागद होता. फाइलच्या तळाशी, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. तिनं तो काउंटरवर ठेवला तेव्हा रांगेतले पुढचे दोघं वाकून बघायला लागले, लोक काहीही बघतात. बाईंना हिंदी बोलता यायची, वाचता यायची नाही. कागद मराठीत. श्रावस्ती वाचायला लागली तर त्यांनी हात वर केला. तुमचा कागद तुम्ही वाचून कसं चालेल, दुसरं कुणी मराठी आहे का? आणि रांगेतनं हेडफोन गळ्यात उतरवत कृष्णराज पुढं आला. तो चांगलाच पोरगा होता. हे लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर गोष्ट फार सोपी होते. तो उमरग्याच्या कॉलेजात तिच्या एका मैत्रिणीचा मित्र होता, तिला बघून दोनदा हसला होता, आणि तिनं मुद्दाम ओळख दाखवली नव्हती. गावात त्याचा फलक चौकात लागला होता, पंधरा फुटी, खाली सतरा शुभेच्छुक. तिचा विहारासमोर लागला होता. दोन फलकांच्या मधनं रस्ता जात होता.

कृष्णराजनं कागद उचलला आणि वाचला. श्रावस्ती बुद्धघोष, कंसात येसकर, राहणार माकणी, तालुका लोहारा, जिल्हा उस्मानाबाद. मग त्याचा आवाज थांबला. पुढची ओळ त्यानं डोळ्यांनी वाचली आणि तोंडानं गाळली, आणि खालच्या तारखेवर गेला. बाईंचं बोट त्या ओळीवर आलं. ये बीच का क्या है? तो म्हणाला, कुछ नहीं मॅडम, वैसा कुछ खास नहीं. कान लाल झाले होते त्याचे. तो तिला झाकत होता. रस्त्यात कुणाचा पदर सरकावा आणि आपण मान वळवावी, तसं. श्रावस्तीच्या अंगातनं काहीतरी तडकत वर आलं.

"पढ़ो ना," ती म्हणाली. "महार लिखा है. जोर से पढ़ो."

बाईंनी तिच्याकडं बघितलं, मग कागदाकडं. त्यांना कळलं. हैदराबादेतही कळतं. त्यांनी फक्त कृष्णराजला विचारलं की तुम्ही या मुलीला ओळखता का. आणि कृष्णराजनं अगदी मनापासून, छाती पुढं काढून, तिला विमानात बसवायचंच अशा जिद्दीनं सांगितलं, "हमारे गाँव की है मॅडम. इनके दादा हमारे यहाँच थे. मैं गॅरंटी देता."

झालं. पडद्यावर नोंद झाली. मशीनमधनं पास बाहेर आला, गरम, त्यावर येसकर आधी आणि श्रावस्ती नंतर. बाईंनी बजावलं की शेवटच्या गेटवर पासपोर्ट परत तपासतील, तिथं माईकवर नाव पुकारतील, तेव्हा काउंटरला जायचं, चुकवायचं नाही, नाहीतर सामान उतरवतात. श्रावस्तीनं थँक यू म्हटलं. कृष्णराजला म्हटलं नाही.

सगळ्या तपासण्या उरकून गेटजवळच्या खुर्चीवर ती बसली तेव्हा तो दोन कॉफ्या घेऊन आला. एक तिच्या हातात दिली. कुठंतरी बोलणं सुरू करायचं म्हणून म्हणाला, तिकडं आपली जेवायची लई पंचाईत होणार, मला तर चहाबी येत न्हाय, तुला भाकरी येत असंल तर एखादवेळी घाल बाबा गावाकडच्या माणसाला.

"दगडोबाला तुमच्या दारात शिळी मिळायची," ती म्हणाली. "तू ताजी मागतोस."

तो हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. मग म्हणाला, मी तसं म्हटलं नव्हतं. खरंच म्हटलं नव्हतं. तिला ते कळत होतं, आणि तरी तिनं नजर काढून घेतली नाही. शेवटी तो उठला, पुढं जाऊन रांगेत उभा राहिला. त्याची कॉफी खुर्चीखाली तशीच राहिली. काचेपलीकडं विमान होतं, पांढरं, जवळनं बघितलं तर कडेकडेनं कळकट. तिनं आयुष्यात पहिल्यांदा विमान एवढ्या जवळनं बघितलं आणि तिला काहीच झालं नाही. लहानपणी धरणाच्या भिंतीवर बसून ती आभाळातली पांढरी रेघ बघायची, आणि आप्पा म्हणायचे, बघ, आडनाव न्हाय त्याला. तेव्हा तिला वाटायचं, वर गेलं की संपतं सगळं.

आप्पांचा फोन आला. झालं का विचारलं. झालं म्हणाली. मग त्यांनी थांबून थांबून विचारलं की पासवर कसं लिहिलंय. तिनं पास उलटा करून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, श्रावस्ती बुद्धघोष. एवढंच? एवढंच, आप्पा. बरं, ते म्हणाले. बरं झालं. त्यांनी विश्वास ठेवला नाही हे तिला कळलं आणि तिला कळलं हे त्यांना कळलं, आणि दोघांनी ते तसंच राहू दिलं.

फोन ठेवल्यावर तिनं एक गोष्ट पक्की केली. पुकारतील तेव्हा उठायचं नाही. पहिल्या हाकेला नाही, दुसऱ्या हाकेला नाही. तिसऱ्यांदा बोलवतील, घसा फोडतील, सगळी रांग वळून बघेल, तेव्हा सावकाश उठायचं, बॅग खांद्यावर घ्यायची, ओढणी सारखी करायची आणि चालत जायचं. दगडोबाला कुणी दुसऱ्यांदा हाक मारली नव्हती. तशी वेळच म्हाताऱ्यानं येऊ दिली नव्हती. त्याच्या वाटच्या दोन हाका आज ती या लोकांकडनं वसूल करणार होती. सामान उतरवायचं तर उतरवा. तिनं दोन्ही पाय खुर्चीखाली घेतले, घोट्यात घोटा अडकवला, एका हातात कॉफीचा कप होता, दुसऱ्या हातानं खुर्चीची कड घट्ट धरली. कड गार होती. गेटवरची पोरगी माईकजवळ गेली, एक कागद उचलला, फुंकर मारली. श्रावस्तीनं तिच्या ओठांकडं बघितलं आणि मनात म्हटलं, एक.

"पॅसेंजर येस..."

कॉफी सांडली होती. बुटावर, फरशीवर, तिच्या बॅगेच्या मोकळ्या पट्ट्यावर. लोक तिच्याकडं बघत होते. माईकवरची पोरगी अजून नाव पुरं करत होती आणि श्रावस्ती ताठ उभी होती, हातात अर्धा कप तसाच धरून. कधी उठली ते तिला कळलं नव्हतं. खांद्यावर पंजा ठेवून खाली दाबायला, तुला न्हाय म्हणायला, तिथं कुणी नव्हतं. आणि हाक तिलाच होती.